पेवाच्या तोंडाएवढं अंग

‘आज माफी हाय,’ असं म्हणत ते पाटावर बसायचे, आणि बसल्याबसल्या डावा हात ताटाच्या कडेवर ठेवायचे. ताट कोणी ओढून नेईल अशी भीती असल्यासारखा. पहिला घास तोंडात गेला की डोळे मिटायचे, आणि तो गिळून होईपर्यंत समोर काहीही झालं तरी उघडायचे नाहीत. आठवड्यातला हा एकच दिवस, बाजाराचा. त्या दिवशी त्यांना पोटभर खाण्याची माफी होती, आणि गावाला त्यांच्या हातचा मार खाण्यातून माफी होती. बाकीचे सहा दिवस ज्याने त्याने आपापला गाल सांभाळावा.

नाव सांगत नाही. गाव त्यांना पैलवान म्हणायचं, मीही तेच म्हणते. भोकरदन आणि जाफराबादच्या मधलं आमचं गाव, राज्य निजामाचं. मी तिथे सून म्हणून गेले तेव्हा माझे यजमान जालन्याला जिनिंगमध्ये कामाला होते, पंधरवड्यातून एकदा घरी यायचे. घरात मी आणि सासूबाई. पैलवानांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून, आणि मागचं अंगण दोन्ही घरांना मिळून एकच. त्यामुळे मी जे सांगते ते बरंचसं पाहिलेलं आहे, उरलेलं भिंतीतून ऐकलेलं. सुनेला तेव्हा याहून जास्त काही बघायला मिळतही नव्हतं.

तुमच्याही गावात असा एक माणूस असेल. कोणी त्याच्या वाटेला जात नाही, आणि अडचण आली की सगळे त्याच्याच दारात जातात. पण आमच्या पैलवानांइतका अंगाने मोठा नसेल. ते बैलगाडीत बसले की गाडीवान त्यांना बरोबर चाकांच्या आसावर बसवायचा, नाहीतर जू वर जायचं. न्हावी दाढी करायचा तेव्हा मानेची वळी एका हाताने उचलून धरायचा. त्यांच्या घरात लाकडी पाट टिकत नव्हते, म्हणून शेवटी एक दगडी पाट घडवून घेतला होता.

तरुणपणी ते खरेच पैलवान होते. तेव्हाचा खुराक म्हणजे दूध, बदाम, तूप, बकऱ्याचं मटण. मग जाफराबादकडच्या एका जत्रेत त्यांनी समोरच्याला उचलून आपटलं. कुस्ती तिथेच निकाली झाली होती, पण पैलवानांचा राग निकाली झालेला नव्हता. त्यांनी पडलेल्या माणसाचा हात पाठीमागे पिरगाळला, आणि खांद्याचा आवाज पार मागे बसलेल्या बायकांनाही ऐकू गेला. तो हात पुन्हा कधी वर झाला नाही. त्याच्या गावचे लोक काठ्या घेऊन आखाड्यात उतरले, आणि त्या दिवशी पाच-सहा डोकी फुटली. पैलवानांनी त्यानंतर कुस्तीची लांग कमरेला चढवली नाही. कुस्ती सुटली, खुराक मात्र सुटला नाही.

मला ते पहिल्या आठवड्यातच नकोसे झाले. यजमान लग्नाच्या रजेवर होते. अंगणात उभं राहून त्यांनी अर्धी भाकरी कुत्र्यापुढे टाकली, आणि पलीकडून पैलवान आले.  कानाखाली अशी मारली की नवरदेव तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन पडले. रजा संपवून जालन्याला गेले तरी त्यांच्या कानात शिट्टी वाजत होती. ‘अन्न टाकतो का रं,’ एवढंच पैलवान जाता जाता म्हणाले, आणि ती अर्धी भाकरी कुत्र्याच्या पुढून उचलून, फुंकर मारून, स्वतः खाल्ली. मी दाराआडून पाहत होते. माझ्या मनात आलं, हा माणूस मेला तर मी साखर वाटीन. मन काय वाटेल ते म्हणतं.

एकदा वेशीजवळ एका गाडीवानाने अडलेल्या बैलाला पराणीने टोचून टोचून रक्त काढलं. पराणी म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी. पैलवानांनी त्याला गाडीवरून खाली ओढलं, पराणी हिसकून घेतली आणि त्याच्याच मांडीत खुपसली. ‘आता वढ गाडी,’ म्हणाले. तो रडायला लागला तसं पुन्हा खुपसली. शेवटी त्याने खरोखर जुवाखाली मान घातली, तेव्हा सोडला. लोकांनी हे हसत हसत घरोघर सांगितलं. मला हसू आलं नाही. मांडीतून आलेलं रक्त धुळीत कालवलेलं मी पाणी आणायला जाताना पाहिलं होतं.

या माणसाला एकच जण मारू शकत होतं, ती त्यांची बायको. आम्ही तिला काकू म्हणायचो. अंगाने चिमणीएवढी, आवाज मात्र वेशीपर्यंत जाणारा. मूलबाळ नव्हतं, त्याचं दुःख दोघांनी एकमेकांवर काढायचं ठरवलं होतं की काय कोण जाणे. पैलवान चोरून काही खाताना सापडले की काकू हातात असेल ते घेऊन मारायच्या. फुकणी, पळी, एकदा तर जळतं लाकूड. पैलवान मान खाली घालून उभे राहायचे. त्यांनी काकूंवर हात उचललेला मी कधी पाहिला नाही, आणि भिंतीतूनही कधी ऐकला नाही. तो हात खाली आला असता तर काकू उरल्या नसत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता मूळ गोष्टीवर येते. राज्याचा शेवट जवळ आला होता, आणि शेवटाच्या वेळी व्हायचं तेच झालं. हातात हत्यार असलेली माणसं टोळ्या करून फिरायला लागली. कोणाच्या टोळ्या आणि कोणाच्या जिवावर, हे ज्यांनी लिहायचं त्यांनी लिहिलं आहे. आमच्यापर्यंत पोचायचा तो धूर. पलीकडचं एक गाव भरदिवसा जळालं, आणि तिथली माणसं आमच्या मारुतीच्या पारावर येऊन बसली. त्यांच्यात एक बाई होती. तिच्या पाटल्या हातातून निघेनात म्हणून टोळीवाल्यांनी मनगटावर कोयता चालवला होता. ती ओरडत नव्हती. हात पदरात गुंडाळून नुसती आमच्याकडे बघत होती, आणि पदरातून ठिबकत होतं.

त्या दिवसापासून गल्लीतल्या बायकांना एकच प्रश्न पडला, आपल्यावर वेळ आली तर लपायचं कुठे. आमच्या दोन घरांच्या त्या सामाईक अंगणात एक पेव होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेली ज्वारीची कोठी. आत खोलीएवढी जागा, वर तोंड मात्र रांजणाच्या तोंडासारखं अरुंद, त्यावर झाकायला एक सपाट दगड. वरून माती सारवली की खाली काही आहे हे परक्याला कळत नाही. आमचं पेव त्या साली रिकामं होतं. चार दिवस उघडं ठेवून आतली कोंदट हवा जाऊ दिली, कंदील सोडून पाहिला, तो विझला नाही, आणि ठरलं. टोळी आली तर गल्लीतल्या बायका-पोरांनी आणि म्हाताऱ्यांनी पेवात उतरायचं. दगड लावायचा तो एका कडेला बोटभर फट ठेवून. तो दगड दोघांशिवाय हलत नसे, म्हणून ते काम आमच्या दोन सालगड्यांना दिलं. दगड लावून त्यांनी शेतात पळून जायचं, आणि सगळं शांत झालं की येऊन काढायचा.

उतरण्याची तालीम झाली. सासूबाई उतरल्या, मी उतरले, शेजारणी उतरल्या. काकू कडेला हाताची घडी घालून उभ्या.

‘ह्यांना उतरवा आधी,’ त्या म्हणाल्या.

पैलवानांना पळता येत नव्हतं. गुडघे गेलेले, चार पावलांत धाप लागायची. त्यांनी शिडीवर पाय ठेवला. पाय गेले, मांड्या गेल्या, आणि पोटाशी सगळं थांबलं. खाली जाईना, वर येईना. चौघांनी काखेत दोर घालून ओढलं तेव्हा दोन्ही कुशींची साल निघाली आणि धोतर लाल झालं. एक सालगडी हसला. पैलवानांनी वर येताच त्याच्या तोंडावर ठोसा मारला, आणि त्याचा पुढचा दात त्याच पेवात जाऊन पडला. पेवाचं तोंड फोडून रुंद करावं असंही कोणी म्हणालं, पण ते तोंड म्हणजे अखंड दगडाचं कडं होतं. ते फोडलं की वरची पांढरी माती सगळी आत ढासळली असती.

काकू तशाच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘ह्ये मावत न्हाईत तवर म्या बी उतरत न्हाई.’

सासूबाईंनी समजावलं, मारुतीच्या पारावरच्या त्या बाईची आठवण करून दिली. काकू ऐकेनात. पैलवानांनी पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला, तर त्या आणखी मोठ्याने ओरडल्या. त्या रात्री भिंतीतून भांडणाचा आवाज आला नाही. सकाळी पैलवान स्वतःहून गाडी जोडायला सांगून भोकरदनच्या हकीमसाहेबांकडे गेले. कधी कोणापुढे हात न पसरलेला माणूस, अंग कमी करून द्या म्हणून गेला. कारण आता त्यांचं पोट हा त्यांच्या एकट्याचा मामला राहिला नव्हता. पोट उतरलं नाही तर बायको मरणार होती.

हकीमसाहेब म्हातारे, थट्टेखोर. त्यांनी पोटावर टिचकी मारून पाहिली म्हणे, आणि पथ्य सांगितलं. सहा दिवस एक भाकरी सकाळी, एक संध्याकाळी, पालेभाजी आणि लोणी काढलेलं ताक. आणि सातव्या दिवशी मनाला येईल ते. काकू बरोबर गेल्या होत्या. त्यांना हा सातवा दिवस पटला नाही, त्यांनी वाद घातला. हकीमसाहेब म्हणाले, ‘भूक कू बांद को रखे तो चोरी करती. हफ्ते में एक दिन उसकू पेट भर को खिलाव, छे दिन वो तुमारी सुनती.’ काकूंनी घरी येऊन हे वाक्य आम्हाला तीनदा सांगितलं, दरवेळी हकिमाला एक नवी शिवी देऊन.

तशी बाजाराची माफी सुरू झाली. काकूंनी तिला स्वतःच्या अटी लावल्या. बाजाराच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी पेवाच्या तोंडात उतरून दाखवायचं. मागच्या खेपेपेक्षा अंग खाली गेलं तर माफी, नाहीतर ताक-भाकरी. आणि माफी मिळाली तरी एकाच बैठकीत. पाटावरून उठलं की जेवण संपलं.

पैलवानांनी ही अट ऐकून घेतली आणि दुपारी जे बसले ते दिवे लागेपर्यंत उठलेच नाहीत. मटणाचा रस्सा झाला, मग धपाटे आणि दही, मग पुरणपोळीवर तूप. मधे मधे नुसते बसून राहायचे, पोट खाली बसलं की पुन्हा वाढ म्हणायचे. काकूंनी दुसऱ्या आठवड्यात अट बदलली. ताटातला हात वाळला की जेवण संपलं. तर हे आमटीत बोटं बुडवून ठेवून गप्पा मारत बसले. मी भिंतीतल्या झरोक्यातून बघून इतकी हसले की सासूबाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला. त्या दिवशी मला पैलवान पहिल्यांदा बरे वाटले.

पण बाकीचे सहा दिवस! भुकेला बैल बरा. भुकेने त्यांचा हात आणखी सैल सुटायला लागला. दारावरून जाताना कोणाच्या घरातून फोडणीचा वास आला तर ते त्या घरच्या धन्याला कारण नसताना शिव्या द्यायचे. शेजारच्या एकाने मुद्दाम त्यांच्यासमोर बसून भजी खाल्ली, त्याचे दोन दात गेले. गायरानात एक मोकाट वळू अंगावर आला, तेव्हा पळता येत नाही म्हणून त्यांनी त्याचं शिंग धरलं आणि मान वाकडी करून त्याला गुडघ्यावर आणला. वळू लंगडत गेला, आणि पैलवान तिथेच बसून उलटी करायला लागले. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी पडलं. हे ज्याने पाहिलं त्याने सांगितलं तेव्हा काकू चुलीपुढे बसल्या होत्या.  संध्याकाळच्या भाकरीवर त्यांनी चमचाभर लोणी ठेवलं, आणि पैलवानांनी ते बोटाने काढून कडेला ठेवलं. ही बातमी मात्र मला भिंतीने दिली, कारण काकू त्या दिवशी रडल्या.

त्याच उन्हाळ्यात गल्लीत एक लग्न होतं. बाजाराचा दिवस नव्हता. काकूंनी वाढप्याला आधीच सांगून ठेवलं होतं की ह्यांच्या पानावर बुंदी टाकायची नाही. वाढपी पानावरून पुढे गेला. पैलवानांनी त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, ‘वाढ.’ त्याने मान हलवली. मनगट मोडल्याचा आवाज आला. वाढप्याचे भाऊ मांडवाचे बांबू उपसून धावले, पैलवानांनी बुंदीची पितळी बादली उचलून पहिल्याच्या जबड्यावर घातली, आणि पत्रावळींवर बुंदीबरोबर रक्त सांडलं. नवरी किंचाळत होती. तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून काकू आल्या, कोणाच्या तरी हातातली पळी घेतली आणि नवऱ्याच्या कपाळावर मारली. कपाळ फुटलं. पैलवान खाली बसले.

‘चुकलं,’ ते म्हणाले. डोळ्यांत रक्त येत होतं, ते पुसलंही नाही. ‘लई भूक लागून राह्यली गं.’

मोठ्या माणसाच्या तोंडून असं वाक्य ऐकू नये.  काकूंनी पदराने त्यांचं कपाळ दाबलं आणि भर पंगतीतून त्यांना हाताला धरून घरी नेलं. वाढप्याचं मनगट बसवायला हाडवैद्य काकूंनीच बोलावला. वाढप्याच्या घरच्यांनी पैलवानांना माफ केलं नाही, आणि मीही त्यांच्या जागी असते तर केलं नसतं.

एवढं सगळं होऊन अंग मात्र उतरत गेलं. पोट गेलं, मग छातीचं मांस गेलं. गळ्याची कातडी लोंबायला लागली. अखेर एका बाजाराच्या सकाळी ते हात वर करून शिडीवर उभे राहिले आणि खांद्यासकट आत गेले. गल्लीत गूळ वाटला. पैलवान खाली जाऊन उभे राहिले, वर तोंडाकडे बघितलं, आणि खालूनच सालगड्यांना विचारलं, ‘दगड तुम्हीच लावणार ना रं?’ दोघांनी मारुतीची आण घेतली. ज्याचा दात पडला होता त्याने जरा जास्तच जोरात घेतली.  वर आल्यावर पैलवानांनी दगडाला हात लावून एकट्याने तो जरा हलवून पाहिला. दगड हलला, पण त्यांना धाप लागली. मी हे पाहिलं आणि त्याचा अर्थ काही मनात आला नाही. आम्ही सगळ्याजणी गूळ खात होतो.

ज्या दिवशी टोळी आली तोही बाजाराचाच दिवस होता. सकाळी पैलवान पेवात सहज उतरून वर आले होते. रस्सा चुलीवर होता. ते दगडी पाटावर बसले, दोन घास खाल्ले, आणि ओढ्याच्या अंगाने बंदुकीचा बार झाला. मग दुसरा. मग सगळ्या गावातून एकदम ओरडा उठला.

आम्ही धावलो. शिडी आत होतीच. पोरं उतरवली, सासूबाई उतरल्या, शेजारणी, मी. वर पैलवान सालगड्यांना हाका मारत होते, आणि सालगडी नव्हते. पहिल्या बारालाच ते मागच्या भिंतीवरून उड्या टाकून गेले होते. त्यांना मी दोष देत नाही, मरणाला सगळेच भितात. पण आण घ्यायला नको होती.

काकू शिडीच्या वरच्या पायरीवर अडून बसल्या. ‘आधी तुम्ही.’

‘तू हो म्होरं,’ पैलवान म्हणाले. ‘म्या आलोच.’

‘शप्पथ?’

‘शप्पथ.’

काकू उतरल्या. त्यांचे पाय तळाला लागले, आणि शिडी वर गेली. आम्हाला वाटलं ते पुन्हा नीट लावत आहेत. मग दगड घासल्याचा आवाज आला, आणि उजेड कमी व्हायला लागला. काकू उड्या मारून हात वर करत होत्या, तोंडाला पोचत नव्हत्या. ‘अवं, मावता ना तुम्ही,’ त्या ओरडत होत्या, ‘मावता ना आता!’

बोटभर फटीतून त्यांचा आवाज आला. धाप लागलेली होती. ‘दगडाला माणूस लागतो, येडे. गप ऱ्हा आता.’

वरून माती पडली. ते दगडावर माती ओढत होते, पायाने थापत होते. मग पावलं लांब गेली. पेवाजवळ ते एक क्षणही थांबले नाहीत, पार पुढच्या दारापर्यंत गेले. आम्ही पोरांच्या तोंडांवर हात ठेवून बसलो. सासूबाईंनी आणि मी काकूंना धरलं होतं, मी त्यांच्या तोंडात माझा पदर कोंबला होता.

दार फुटल्याचा आवाज आला. मग जे ऐकू आलं ते सगळं सांगत नाही. काठ्या मांसावर पडतात तो आवाज ओल्या कपड्याच्या धोपटण्यासारखा असतो, एवढं सांगते. कोणीतरी हिंदुस्थानीत विचारत होतं की बायका कुठे आहेत. उत्तर आलं नाही. त्याऐवजी एक किंकाळी आली, ती पैलवानांची नव्हती. मग हाड मोडलं, तेही बहुतेक त्यांचं नव्हतं. मग पुन्हा काठ्या, आणि कोणीतरी ‘तलवार दे, तलवार दे’ म्हणत होतं. हे बराच वेळ चाललं. माझ्या हातातली काकूंची मान प्रत्येक आवाजाला हलत होती. शेवटी एक जड आवाज झाला, आणि त्यानंतर फक्त परक्या माणसांचं बोलणं राहिलं. त्यांनी चुलीवरचा रस्सा खाल्ला. भांड्यांचे आवाज आले. मग ते गेले, कोणाला तरी उचलून नेत होते, तो विव्हळत होता. अंगणापर्यंत कोणी आलंच नाही.

पुढे गावातले शहाणे म्हणायचे की पैलवान पूर्वीच्या अंगाने असते तर त्यांनी सहा-सात जण लोळवले असते, टोळी परत गेली असती, बायकोने उपाशी ठेवून घात केला. काकूंच्या कानावर जाईल असं म्हणायचे. मी त्यांच्यापैकी एकाला भर रस्त्यात वहाण फेकून मारली आहे. त्यांच्यापैकी कोणीही त्या दिवशी गावात नव्हता.

सालगडी दिवस मावळता परत आले. दोघांनी दगड सरकवला, शिडी सोडली. काकू सर्वांत आधी वर गेल्या आणि पुढच्या दाराकडे चालत गेल्या, धावल्या नाहीत. पैलवान उंबऱ्यावर आडवे पडले होते. त्यांच्याजवळ टोळीतला एक जण होता, त्याची मान मागे फिरलेली होती आणि त्याच्या मुंडाशावर पैलवानांची मूठ अजून आवळलेली होती. ती सोडवायला सालगड्यांना जोर लावावा लागला. पैलवानांच्या पाठीवर इतके वार होते की मी मोजले नाहीत. पुढच्या अंगावर त्याहून जास्त होते. ज्याचा दात पडला होता तो सालगडी भिंतीला डोकं लावून मोठ्याने रडायला लागला.

त्यांना ओट्यावर घ्यायचं होतं. मी पायांकडून धरलं, काकूंनी खांद्यांकडून. सालगड्यांची वाट बघितली नाही. आम्ही दोघींनीच उचललं, आणि ते उचलले गेले.

ओट्यावर ठेवल्यावर काकू तशाच वाकलेल्या राहिल्या, हात त्यांच्या खांद्यांखालीच होते. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘येवढं हलकं केल्तं गं म्या त्यास्नी. तरी आत आले न्हाईत.’